घंगाळाला पाडलेली तीन भोकं

आज सकाळी जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर एक गादी भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्यावर दोन टीपॉय एकमेकांवर पालथे पडले होते आणि पहिल्यावर कुणाचा तरी टेबलफॅन, मान खाली घालून, बिनवायरीचा. ओला रंग, टर्पेंटाइन, उन्हात तापलेला कापूस आणि कुठल्याशा स्वयंपाकघरातून येणारा भाजणी भाजल्याचा खमंग वास, एवढं सगळं एकत्र आलं की मला कॅलेंडर पाहावं लागत नाही. दिवाळीची साफसफाई सुरू झाली.

रेवा आणि ओजस, तुमच्याकडे एडमंटनला याच दिवसांत झाडं पानं टाकतात. परवा व्हिडिओवर तुम्ही दोघं पानांच्या ढिगात लोळत होतात. आमच्या भाईंदरला आश्विनात झाडं हिरवीगार असतात, इथे घरं वस्तू टाकतात. वर्षभर माळ्यावर, पलंगाखाली, दारामागे लपून बसलेल्या वस्तू एकेक करून बाहेर येतात. झाकण हरवलेला कुकर, एक कान तुटलेली कढई, लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला बारा कपांचा सेट, ज्यातले आता चार उरलेत. घरात असते तोवर ती वस्तू घरची असते. उंबऱ्याबाहेर आली की एकदम ओशाळलेली दिसते. मला अशा वस्तूंकडे बघवत नाही आणि बघितल्यावाचून पुढेही जाववत नाही. तुमचे आजोबा याला माझा दोष म्हणतात. चारचौघांत म्हणतात.

ओजस, तू मागच्या रविवारी फोनवर विचारलंस, "आजी, तू वॉशिंग मशीनमध्ये झाड का लावलंस?" मी हसले आणि नंतर सांगते म्हटलं. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत. मध्येच रेवाला शाळेची बस आठवते, मध्येच आवाज अडकतो. म्हणून लिहूनच काढते. झाडाची गोष्ट लिहायला बसले आणि मला एका घंगाळाची गोष्टही लिहावी लागणार असं दिसतंय. त्याला इलाज नाही. तोच आश्विन पुन्हा जिन्यात येऊन उभा राहिलाय.

आधी बागेचं. आमची इमारत गोडदेवच्या बाजूला. आम्ही दादरहून इथे आलो तेव्हा तुमचा बाबा तिसरीत होता. इमारतीच्या मागे, भिंत आणि कंपाउंड यांच्या मधे, एक लांबट पट्टा आहे. रुंदी इतकी की आजोबांनी दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील. तिथे विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि मांजरं असत. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, इथे बाग करायची. नर्सरीतून मोगरा आणला, जास्वंद आणली, कढीपत्ता आणला. महिन्याभरात तिन्ही झाडांची पानं कडेनं करपली. मुर्ध्याहून आमच्या फाटकाशी मासे घेऊन येणारी हिराबाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, ही जमीन खाऱ्याची हाय. हिच्यात फूल न्हाय व्हायाचं. मीठ पिकव, मीठ." आणि तिने बोंबील निवडायला घेतले.

खरं होतं ते. एके काळी हा सगळा खाडीचा शेजार. वर भरावाची माती टाकली तरी खाली जुनं मीठ असतंच. मग एकच मार्ग उरला: जमिनीला हात न लावता वरच्यावर बाग करायची. म्हणजे कुंड्या. आणि इतक्या कुंड्या आणायच्या कुठून, असा विचार करत जिना चढत होते तेव्हा चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीनचा ड्रम दिसला. चकचकीत, गोल, अंगभर बारीक भोकं असलेला.

आजोबांनी तो उचलून बघितला. "भोकं तयार आहेत," म्हणाले. "मशीन बनवणाऱ्याने तुझाच विचार केला होता."

कुंडीला भोक लागतंच, ओजस. पाणी तळाशी साचलं तर मुळं कुजतात. माणसाला जसं झोपायला उशी लागते तसं मुळांना हवा लागते. तर त्या ड्रममध्ये सदाफुली लावली. ती आजही आहे. तू पाहिलीस ती तिची नात असेल फार तर.

ड्रम बागेत बसला आणि इमारतीला चटक लागली. नयनाबेनने गळकी किटली आणून दिली. तिच्यात पुदिना लावला आणि तिच्या तोंडातून तो बाहेर लोंबतो, जणू चहा ओततोय. कोणी हेल्मेट दिलं, त्यात नेचं टांगलं. पंख्याची तीन पाती आजोबांनी पिवळी रंगवून भिंतीवर सूर्यफूल केलं. जुन्या सीडी दोऱ्याला बांधून कबुतरांसाठी लावल्या. कबुतरं त्यांना अजिबात घाबरत नाहीत. पण दुपारी ऊन पडलं की सगळ्या भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे नाचतात. तुमच्या बाबाची तीनचाकी सायकल तिथेच आहे. तिच्या सीटवर चिनी गुलाबाची टोपली आहे. बरोबर दहाला उमलणारी ती फुलं. इथे त्यांना ऑफिस टाईम म्हणतात, आणि मला वाटतं माझी त्यांच्याशी इतकी गट्टी यासाठीच आहे.

कारण मी तीस वर्षं एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात काढली. कुठला कागद कुठे, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. बागेतही मी तेच केलं. आइस्क्रीमच्या डब्यांच्या झाकणांच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक कुंडीत एक खोचली. झाडाचं नाव, वस्तूचं नाव, देणाऱ्याचं नाव, तारीख. जिन्याखाली एक कोपरा नेमून घेतला, झाडून पुसून. वर सूचना लावली: "येथे ठेवलेल्या वस्तू बागेसाठी दिल्या आहेत असे समजले जाईल." आधी मी ती इंग्रजीत लिहिली, कारण शाळेत आमची सगळी शिस्त इंग्रजीत झाली. मग मराठीत, आणि मग आजोबांनी हिंदीत. तीन भाषांत सूचना झाल्यावर आता काही चुकायला जागाच उरली नाही असं मला वाटलं. तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेल्या बाईला असं वाटू नये खरं तर.

या बागेला वरून एक पहारेकरीण होती. दुसऱ्या मजल्यावरचे चव्हाण मूळचे संगमेश्वरकडचे. सुजाता चव्हाण एका कारखान्यात पॅकिंगला जाते, आणि तिची सासू म्हणजे आक्का. तेव्हा शहाऐंशीच्या. गुडघे पार गेलेले, त्यामुळे दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून ग्रिलमधून बागेवर नजर. मी खाली असले की वरून आवाज यायचा.

"काय गो लिष्टवाले, त्या अळवाला पानी नाय घातलंस."

"घातलं, आक्का. सकाळीच."

"सकाळचं सकाळी गेलं. आता संध्याकाळ झाली."

मला "लिष्टवाली" म्हणणाऱ्या त्या एकट्या. पहिल्यांदा जरा लागलं. नंतर ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

तर तो आश्विन. चार वर्षांपूर्वीचा. ऊन असं की कंपाउंडची भिंत संध्याकाळी सातलाही गरम लागायची, आणि मधूनच खाडीवरून वारा यायचा तो खारट, ओलसर. प्रत्येक मजल्यावर काहीतरी निघत होतं. चव्हाणांकडे तर रंगकाम. त्यांच्या गॅलरीला प्लास्टिक लागलं, आक्का दिसेनाशा झाल्या आणि चार दिवस माझ्या अळवाला कोणी बोललं नाही.

त्या रविवारी जिन्याखालच्या कोपऱ्यात घंगाळ होतं.

घंगाळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार. रुंद तोंडाचं, बुटकं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं मोठं तांब्याचं भांडं. पूर्वी न्हाणीघरात कढत पाणी त्यात काढायचे, विसण घालायचे आणि तांब्यातांब्याने अंगावर घ्यायचे. हे घंगाळ काळंहिरवं पडलेलं होतं, पण त्याचा घेर इतका सुरेख की मी तिथेच ठरवलं: बागेच्या मधोमध, आणि त्यात झेंडू. दिवाळीला बाग कशी दिसेल ते चित्र डोळ्यापुढे आलं आणि मग मला दुसरं काही दिसेना.

आजोबांनी बोटाने टिचकी मारली. घंगाळ घुमलं. "अगं, हे तांबं आहे. तांबं कोणी टाकत नाही."

"कोपऱ्यात आहे ना?"

"आहे."

"मग बागेचं."

"एकदा विचारून तरी ये."

"अहो, सूचना तीन भाषांत आहे. आता काय दारोदार फिरून वाचून दाखवू?"

आजोबांनी ड्रिल मशीन काढलं. तीन भोकं पाडली, त्रिकोणात, मी पेन्सिलने आखून दिली तिथे. तांब्याचे लालसर किस जमिनीवर पडले. ते मी झाडूने गोळा करून पुडीत ठेवले. खत, माती, कोकोपीट, सगळं प्रमाणात घातलं आणि बारा झेंडूची रोपं लावली. पट्टी लिहिली: तांब्याचं घंगाळ. झेंडू. देणारा अज्ञात. संध्याकाळी लोक येऊन बघून गेले. मला फार बरं वाटलं. मी कशाला लपवू.

बुधवारी सकाळी मी अळवाची पिवळी पानं काढत होते. सुजाता पिशवी घेऊन आली, रात्रपाळी करून. घंगाळापाशी थांबली. पट्टी वाचली. पुन्हा वाचली.

"काकू," ती म्हणाली, "हे आमचं आहे."

मला वाटलं झेंडूबद्दल बोलतेय. "तुमच्याकडची रोपं आहेत का?"

"रोपं नाही, काकू. घंगाळ. रंगकाम होतं म्हणून आक्कांनी रंगाऱ्याकडून खाली ठेवून घेतलं. मी कामावर होते. आज घासायला घ्यायचं होतं."

ती वर गेली. मी हातात अळवाची पानं घेऊन उभी. बराच वेळ कोणी आलं नाही, मग जिन्यातून एक विचित्र आवाज यायला लागला. थपकन काहीतरी टेकायचं, मग कापडाची सळसळ, मग पुन्हा थप. मी जिन्याशी गेले. सात महिन्यांत घराबाहेर न पडलेल्या आक्का एकेका पायरीवर बसत बसत खाली उतरत होत्या. सुजाता मागून, दोन्ही हात पुढे करून. मी पुढे झाले तर आक्कांनी नुसता तळवा दाखवला, थांब म्हणून.

त्या घंगाळापाशी आल्या. झेंडूच्या बुडाशी मातीत बोटं खुपसली.

"भोकं पाडलीस?"

"हो, आक्का."

"किती?"

"तीन."

"एकानं भागलं नसतं?"

आजोबा तोवर खाली आले होते. त्यांना वाटलं वातावरण हलकं करावं. म्हणाले, "आक्का, ही कामात हयगय करत नाही." कोणी हसलं नाही. ते लगेच गप्प झाले, जे तुम्हाला माहीत आहे की सहसा होत नाही.

मी सूचनेबद्दल काहीतरी बोलले. तीन भाषांचं. बोलता बोलताच मला कळलं की आक्कांना त्यातली एकही वाचता येत नाही.

"मला कुठं वाचाया येतंय?" त्या म्हणाल्या. "रंगारी म्हनला, घंगाळ जिन्यात ठेवू का. मी म्हनलं, जिन्यात नको, उचलून नेतील. खाली त्या लिष्टवालीच्या जागेत ठेव. तिथलं काय हरवत नाय. तुज्याकडं व्हतं म्हनून मी बिनघोर व्हते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे तीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता, आणि ज्या एका माणसाने त्या भरवशावर वस्तू ठेवली, तिच्याच वस्तूला मी आखून भोकं पाडली.

मग सुजाताने सांगितलं. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने हे घंगाळ त्यांच्या हवाली केलं. त्यांची पाच मुलं, मग नातवंडं, प्रत्येकाची पहिल्या दिवाळीची पहिली आंघोळ याच घंगाळातल्या पाण्याने झाली. भाईंदरच्या दोन खोल्यांत यायचं झालं तेव्हा पाटा गावी राहिला, जातं राहिलं, घंगाळ आलं. आणि या दिवाळीला सुजाताच्या मुलीचं बाळ येणार होतं, तीन महिन्यांचं. आक्कांचा पहिला पणतू. नरकचतुर्दशीला सहा दिवस होते.

"मी नवीन आणून देते," मी म्हटलं. "याच्यासारखंच."

"नवीन दुकानात हाय," आक्का म्हणाल्या. "ह्ये दुकानात नाय."

आणि त्या परत जिना चढायला लागल्या, उलट्या, पायरीवर बसून, एकेक पायरी मागे सरकत.

झेंडू त्याच दुपारी हलवले. सहा एका जुन्या डब्यात गेले, सहा एका बादलीत. घंगाळ धुतलं, कोरडं केलं आणि उजेडात धरलं. तळातून तीन गोल सूर्य दिसत होते. मी ते घेऊन स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मोडीत घाला आजी, नवीन चकचकीत घेऊन जा." दुसऱ्या दुकानातही तेच. लहानपणी आमच्या गल्लीत भांडी झाळून देणारा यायचा, भाता घेऊन, आणि आम्ही मुलं त्याच्या निखाऱ्यांभोवती कोंडाळं करून बसायचो. तो कधी यायचा बंद झाला ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. आजोबा भोकं बुजवायला लुकण लावू म्हणाले. कढत पाण्यात लुकण, आणि त्या पाण्याने तीन महिन्यांचं बाळ.

मग त्यांनीच मार्ग काढला. जेवताना घास हातात धरून थांबले. "आपल्या एसीचा गॅस गळत होता, तेव्हा तो माणूस काय जोडत होता?"

"नळी."

"कशाची?"

"तांब्याची," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं जेवण तसंच टाकून उठलो. तुमच्या आजोबांनी आयुष्यात ताट अर्धं टाकलं ते तेवढ्या एका वेळी.

हाटकेशला छोट्या गाळ्यांची ओळच्या ओळ आहे. कुठे लेथ घरघरतंय, कुठे पत्रा कापतायत, मधेच एका गाळ्यातून अगरबत्त्यांचा वास. रिक्षात घंगाळ माझ्या मांडीवर, नातवंडासारखं. आमच्या एसीची नळी जोडून गेलेले सलीमभाई एका एसीच्या उघड्या पोटाशी बसले होते. घंगाळ पाहून उठले, हात पुसले आणि तळ उजेडाकडे धरला.

"ये छेद किसने किया?"

"मैंने," मी म्हटलं.

"मशीन मेरा था," आजोबांनी वाटा उचलला.

"क्यूँ किया?"

"झाड लगाने के लिए."

"तो लगाओ झाड. अभी बंद काय को करना है?"

आजोबांनी सगळं सांगितलं. आक्का, जिना, बाळ. सलीमभाईंनी समोरचा एसी पायाने बाजूला सरकवला. "बच्चे का नहाने का पानी है, तो राँगे का टाँका नहीं चलेगा. पाइप के माफिक पक्का जोड़ मारूँगा. बैठो आंटी, टाइम लगेगा."

त्यांनी एक नळी चिरली, ठोकून सपाट केली, तिच्यातून तीन चकत्या कापल्या. ज्योत पेटली, निळी आणि कडेला हिरवी. तांबं आधी काळं झालं, मग मोरपंखी, मग लालबुंद, आणि त्या लालीत जोडाची तार लोण्यासारखी विरघळून चकतीभोवती फिरली. किती सुंदर दिसत होतं ते, आणि आपल्याच चुकीमुळे ते बघायला मिळतंय याची लाजही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

घरी आणून घंगाळ वर्तमानपत्रावर ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं. दर तासाला मी वाकून बघत होते. चौथ्या तासाला कागदावर ओला गोल उमटलेला. मी चष्मा लावून खाली वाकले. मग दिसलं, गोल तपकिरी होता. आजोबांनी चहाचा कप तिथे टेकवला होता. त्या दिवशी त्यांना पुन्हा चहा मिळाला नाही.

या सगळ्यातून आमच्या बागेत एक बदल झाला, तो मात्र तुम्ही पाहिलाय. आता मी कोपऱ्यातली वस्तू उचलण्याआधी दारं वाजवत जाते. चार मजले, जिना, आणि हातात वही. लोक आत बोलावतात. पाणी देतात, चकली चाखायला देतात, आणि मग वस्तूबद्दल बोलायला लागतात. त्या किटलीतला चहा पिऊन नयनाबेनच्या सासऱ्यांनी तिला पसंत केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. हेल्मेट ज्याचं, तो मुलगा आता बायकोच्या धाकाने बसने जातो. ड्रममध्ये एकदा कोणाची तरी अंगठी तीन महिने खडखडत होती. पूर्वी माझ्या पट्टीवर नाव आणि तारीख असायची. आता पट्टी पुरत नाही. कधी कधी घरातून निघताना ते म्हणतात, "राहू दे काकू, नाही देत," आणि वस्तू परत माळ्यावर जाते. तेही मला आवडायला लागलंय. बागेला एक कुंडी कमी होते, एवढंच.

त्या नरकचतुर्दशीच्या दोन दिवस आधी घंगाळ घासायला मी चव्हाणांकडे नेलं. नव्या रंगाचा वास, फरशीवर वर्तमानपत्रं, आणि आक्का स्टुलावर बसून माझ्यावर नजर ठेवून. सुजाता म्हणाली, "काकू, मी घासते." आक्का म्हणाल्या, "तिला घासू दे."

चिंच भिजवलेली, त्यात मीठ. मी घासायला लागले.

"आडवी काय घासतेस? गोल घास. हात वाटोळा फिरव."

"फिरवतेय, आक्का."

"विंग्रजी शाळेत ह्ये नाय शिकवलं वाटतं."

"नाही शिकवलं."

"मग काय शिकवलं?"

"सूचना लिहायला," मी म्हटलं. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला असं मला वाटलं, पण खात्री नव्हती.

काळं गेलं, हिरवं गेलं आणि खालून तो रंग वर आला. पिकलेल्या आंब्याच्या सालीवर जी लाली असते, ती. फक्त तळाशी तीन ठिपके जरा पिवळट राहिले, कितीही घासले तरी. आक्कांनी घंगाळ जवळ ओढलं, आतून बोट फिरवलं. एका ठिपक्यावर थांबल्या.

"उंचवटा लागतोय."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. चांगलं की वाईट, काही नाही. मी हात धुऊन निघाले तेव्हा मागून म्हणाल्या, "परवा पहाटे पाचाला ये. तेल लावून येऊ नको."

मला वाटलं, बाळाच्या आंघोळीच्या वेळी साक्षीला बोलावतायत. गळलं तर समोर असावी म्हणून. ते न्याय्य होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे गेले. जिन्यात प्रत्येक दाराशी पणती, आणि वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी बाथरूममधून "गरम आहे, गरम आहे" म्हणून मुलाची ओरड. चव्हाणांच्या मोरीत घंगाळ मांडलेलं. त्यातून वाफ निघत होती. पाट टाकला होता, भोवती रांगोळी. बाळ आपल्या आईच्या मांडीवर, डोळे टक्क उघडे. सुजाता उटण्याची वाटी घेऊन उभी. मी भिंतीला टेकून बाजूला उभी राहिले.

"तिकडं काय उभी? बस," आक्का म्हणाल्या.

"कुठे?"

"पाटावर. जोडकाम तुजं. ल्हान जिवावर आधी बगायचं व्हय? आधी तुज्यावर बगू."

सुजाता हसायला लागली, बाळाची आईही. मी नको नको म्हणत होते. सत्तरीची बाई, शेजारणीच्या मोरीत. आक्कांनी ऐकलं नाही. सुजाताने मला तिची जुनी साडी गुंडाळायला दिली आणि मी पाटावर बसले. आक्का माझ्यामागे स्टुलावर बसल्या. टाळूवर कोमट तेल पडलं आणि त्यांची बोटं, गाठाळलेली, पण काय ताकद त्यांत, माझ्या केसांत फिरायला लागली.

आमच्या घरी दिवाळीला सगळ्यांना तेल मी लावते. तुमच्या बाबाला, आजोबांना, तुम्ही इथे असलात तर तुम्हाला. मी स्वतः शेवटी, घाईत, गीझरखाली उरकते. माझी आई गेली त्याला किती वर्षं झाली. तिच्यानंतर माझ्याहून मोठ्या माणसाचा हात माझ्या डोक्यावर आला नव्हता, आणि आला नव्हता हे मला त्या पाटावर बसेपर्यंत ठाऊकही नव्हतं.

आक्कांनी मानेमागे जोर लावला. मग घंगाळात तांब्या बुडल्याचा आवाज आला आणि कढत पाणी माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून खाली आलं. माझे डोळे आपोआप मिटले.

"बग गो, गळतंय?"

मी वाकून घंगाळाच्या बुडाशी हात लावला. सुकं होतं. पुन्हा लावला, दुसऱ्या बाजूने.

"नाही, आक्का."

"मग हलू नको," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तांब्या ओतला.